हिप्नोथेरपीने सिगारेट सुटते का? आणि वर्ध्यात विचारायचं झालं तर, खर्रा सुटतो का?

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. आजकालची नाही, १९७० च्या दशकापासूनची. गांधीजींचं सेवाग्राम आणि विनोबांचं पवनार ज्या जिल्ह्यात आहे, तिथे दारूचं दुकान नको, हा त्यामागचा विचार. ती बंदी किती पाळली जाते हा वेगळा विषय, त्यावर कुठलाही वर्धेकर तासभर बोलू शकतो.

पण याच जिल्ह्यात कुठल्याही चौकात उभं राहा. पानठेला दिसणारच. ठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घासणारे हात दिसणार. "भाऊ, एक खर्रा घोट" हे वाक्य इथे चहाच्या ऑर्डरइतकं रोजचं आहे. सोबत बिडी आहे, सिगारेट आहे. दारूला बंदी, तंबाखूला मुभा, असा हा हिशोब.

आता यातून बाहेर पडायचं ठरवलेल्या माणसाच्या मोबाइलवर काय येतं? रील्स. "एका सेशनमध्ये सिगारेट बंद." "संमोहनाने व्यसनमुक्ती, औषध नाही, साइड इफेक्ट नाही." डोळे मिटलेला माणूस, मागे संथ म्युझिक, खाली फोन नंबर. बायकोने किंवा मुलीने तो व्हिडीओ फॉरवर्ड केलेला असतो आणि घरात चर्चा सुरू होते, की हे खरं असतं का? पैसे घालायचे का?

उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी आधी हे संमोहन प्रकरण नेमकं काय आहे ते बघायला लागतं. आणि त्याची सुरुवात चक्क गोव्यातून होते.

कांदोळीचा पोरगा आणि "कातर रे भाजी"

पणजीला गेलेल्यांनी जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या शेजारी एक विचित्र पुतळा बघितला असेल. झग्यातला एक पाद्री हात पसरून उभा आहे आणि समोर एक बाई मागे कोसळतेय. अनेक पर्यटक फोटो काढतात आणि हे काय भानगड आहे ते न कळताच पुढे जातात. हा पुतळा आबे फारियांचा. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५.

जुझे कुश्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ सालचा, बारदेशातल्या कांदोळीचा. वडील त्यांना घेऊन लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये शिक्षण झालं, मुलगा पाद्री झाला. गोव्यात सांगितली जाणारी दंतकथा अशी, की पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिल्यावर या तरुणाची बोबडी वळली. समोर सगळे सरदार-दरकदार. तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, की ही सगळी भाजी आहे, कातर ही भाजी. भीती गेली आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. एका वाक्याने आपल्यात एवढा बदल कसा झाला, हा प्रश्न म्हणे त्यांच्या डोक्यात तिथून राहिला.

दंतकथा खरी असो नसो, फारियांचं पुढचं काम इतिहासात नोंदलेलं आहे. १८१३ च्या सुमारास ते पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करायला लागले. त्या वेळी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या सिद्धांताचा बोलबाला होता. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या शरीरात एक चुंबकीय द्रव वाहतो आणि उपचार करणारा आपल्या हातांनी तो वळवू शकतो. आपल्याकडे जुन्या मराठीत ज्याला मोहिनीविद्या म्हणायचे, ती हीच. फारियांनी सांगितलं, की असला काही द्रव नाही आणि माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही. जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात घडतं. त्याची तयारी, त्याची अपेक्षा आणि त्याला दिलेली सूचना, एवढ्यावर सगळं चालतं. १८१९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ते वारले. अलेक्झांडर ड्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीतला कैदेतला म्हातारा पाद्री आबे फारिया, त्याचं नाव यांच्यावरूनच घेतलेलं.

पुढे १८४० च्या दशकात जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जनने 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला. 'हिप्नॉस' म्हणजे ग्रीक भाषेत झोप. नाव चुकलंच, कारण संमोहन ही झोप नाही. ब्रेडलाही नंतर ते उमगलं आणि त्याने नाव बदलायचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत शब्द चिकटला होता. त्याच काळात बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल हा डॉक्टर मेस्मरच्या पद्धतीने लोकांना गुंगीसारख्या अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया करत होता, कारण क्लोरोफॉर्म अजून यायचं होतं.

फारियांनी २०० वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आजच्या जाहिरातींच्या बरोबर उलटी आहे. जाहिरात म्हणते, अमुक सर तुमचं व्यसन सोडवतील. फारिया म्हणत होते, सरांकडे काही नाही, जे आहे ते तुमच्याकडे आहे.

मग सेशनमध्ये करतात काय?

लंबकासारखं घड्याळ हलवणं वगैरे सिनेमापुरतं. एखाद्या प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलात, तर पहिला बराचसा वेळ गप्पांत जातो. दिवसाला किती सिगारेटी, पहिली कधी, उठल्या उठल्या की जेवणानंतर? कुठल्या वेळी अजिबात राहवत नाही? आधी सोडायचा प्रयत्न केला होता का, मग परत कशी सुरू झाली? आणि सोडायची कशासाठी आहे? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्याच्या उत्तरातून तयार होतात.

मग शरीर सैल सोडायला सांगतात. नजर एका जागी स्थिर, श्वासावर लक्ष, पायापासून डोक्यापर्यंत एकेक स्नायू ढिला. आकडे उलटे मोजत नेतात. थोड्या वेळाने माणूस अशा अवस्थेत जातो, जिथे लक्ष एकाच गोष्टीवर गोळा झालेलं असतं आणि आजूबाजूचे आवाज मागे पडतात. ही अवस्था आपल्याला अगदीच अनोळखी नसते. चांगल्या कीर्तनात तल्लीन झालेला माणूस किंवा एसटीच्या खिडकीतून बाहेर बघता बघता स्वतःचं गाव निघून गेलेला प्रवासी, दोघांचंही थोडंफार असंच झालेलं असतं.

या अवस्थेत सूचना दिल्या जातात. धुराची चव कडवट लागतेय अशी कल्पना करा. चहानंतर हात खिशाकडे जातोय, तिथेच थांबलाय आणि तुम्ही एक लांब श्वास घेताय, हे डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगेल यांनी १९७० मध्ये एकाच सेशनची एक पद्धत मांडली. तिचा गाभा तीन विचारांचा होता. धूर हा तुमच्या शरीरासाठी विष आहे, जगायला तुम्हाला हे शरीर लागतं, म्हणून त्याला जपणं हे तुमचं देणं आहे. 'सिगारेट ओढू नको' असं मनाला दटावत बसण्यापेक्षा 'शरीराला जप' या बाजूने विचार वळवायचा, अशी ही युक्ती. शेवटी माणसाला स्वतःच घरी हे करायला शिकवतात. त्याला स्वसंमोहन म्हणतात. तलफ आली की दोन मिनिटं डोळे मिटायचे आणि तेच विचार परत आणायचे.

विदर्भात स्वसंमोहन हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, कारण अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नागपूरचे श्याम मानव स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेत आले आहेत. गंमत बघा, बाबा-बुवांचे चमत्कार उघडे पाडणारा माणूसच संमोहन शिकवतो. त्यात विरोधाभास वाटत असेल, तर तो संमोहन आणि वशीकरण एकच समजल्यामुळे. वशीकरण म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणं, आणि तसं काही नसतं. संमोहित माणूस शुद्धीवर असतो, ऐकत असतो, नको वाटलं तर डोळे उघडून उठून जाऊ शकतो. त्याच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून व्यसन सोडवून घेता येत नाही. म्हणून "आमच्या बाबांना न सांगता हिप्नोटाइज करून त्यांची बिडी सोडवा" अशी मागणी घेऊन जाणाऱ्यांना हात हलवत परत यावं लागतं.

आणखी एक गोष्ट. सगळ्यांना संमोहन सारखं लागू पडत नाही. काही जण पटकन त्या अवस्थेत जातात, काही जण कितीही प्रयत्न केला तरी जात नाहीत, बहुतेक जण मधे कुठेतरी असतात. यात हुशारीचा किंवा दुबळ्या मनाचा काही संबंध नाही.

संशोधन काय म्हणतं?

इथे जरा थांबून वाचा, कारण जाहिरातीतले आकडे आणि संशोधनातले आकडे यांच्यात मोठी दरी आहे.

स्पीगेल कुटुंबाचंच उदाहरण घ्या. हर्बर्ट यांचे पुत्र डेव्हिड स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये २२६ जणांवरचा अभ्यास छापला. एका सेशननंतर आठवडाभर सिगारेटपासून पूर्ण लांब राहिले ५२ टक्के. दोन वर्षांनंतरही लांब होते २३ टक्के. हे दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत. आता जाहिरातवाला यातला कुठला आकडा उचलेल, ते सांगायला नको. "पहिल्याच सेशनमध्ये निम्म्याहून जास्त लोकांची सिगारेट बंद" हे वाक्य खोटं नाही, फक्त अर्धं आहे.

बरं, २३ टक्के हे तसं वाईट नाही. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. जो माणूस स्वतःहून पैसे आणि वेळ खर्चून सिगारेट सोडायला येतो, त्याची तयारी आधीच झालेली असते. त्याने संमोहनाऐवजी नुसतं समुपदेशन घेतलं असतं तर? हा प्रश्न सोडवायचा तर दोन गट करावे लागतात, चिठ्ठ्या टाकून.

असे प्रयोगही झालेत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २८६ जणांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना निकोटिनचे पॅच दिले. एका गटाला सोबत संमोहन, दुसऱ्याला नेहमीचं समुपदेशन. वर्षभरानंतर तपासणी करून बघितलं तर संमोहनाच्या गटात २० टक्के आणि दुसऱ्या गटात १४ टक्के लोक सिगारेटमुक्त होते. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो एवढा लहान होता की तो योगायोगही असू शकतो.

जगभरातले असे सगळे प्रयोग एकत्र करून त्यांची छाननी करणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. वैद्यकीय जगात तिचा शब्द वजनदार मानतात. तिने २०१९ मध्ये संमोहन आणि धूम्रपान या विषयावरचा आढावा अद्ययावत केला. त्यात १४ प्रयोग होते, सहभागी झालेले लोक १,९२६. निष्कर्ष असा, की समुपदेशनासारख्या इतर मार्गांपेक्षा किंवा स्वतःच्या जोरावर सोडण्यापेक्षा संमोहन जास्त चांगलं आहे, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. थोडाफार फायदा असेलही, पण तो असला तर लहान असण्याची शक्यता जास्त.

'पुरावा नाही' आणि 'उपयोग नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बरेचसे प्रयोग लहान होते, पद्धती वेगवेगळ्या होत्या, आणि संमोहनात एक अडचण अशी की खोटी गोळी देऊन तुलना करता येते तसं खोटं संमोहन करता येत नाही. आपल्याला संमोहित केलंय की नाही हे माणसाला कळतंच. शिवाय कुणीतरी तासभर शांतपणे तुमचं ऐकून घेतं, याचाही परिणाम होतो. तो परिणाम संमोहनाचा की ऐकून घेण्याचा, हे वेगळं काढणं कठीण.

याउलट निकोटिन गम आणि पॅच यांच्यावर शंभराहून जास्त प्रयोग झालेत, आणि त्यांनी सिगारेट सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते असं कॉक्रेनचंच २०१८ चं म्हणणं आहे. म्हणजे नुसत्या इच्छाशक्तीवर १०० पैकी १० जणांची सुटत असेल, तर गमने १५-१६ जणांची. हा आकडाही छोटाच वाटेल. तंबाखू सोडणं अवघड आहे, याचाच तो पुरावा.

पण वर्ध्यात सिगारेट ओढतं कोण?

आता खरा मुद्दा. वरचं सगळं संशोधन सिगारेटवर झालंय, तेही मुख्यतः पाश्चात्त्य देशांत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के आहेत. देशाची सरासरी १०.७ टक्के, म्हणजे आपण त्यात बरेच मागे. खूश व्हायचं कारण नाही, कारण तंबाखू खाणारे, चघळणारे, घासणारे आहेत २४.४ टक्के. महाराष्ट्राचं व्यसन धुराचं नाहीच, ते तोंडातलं आहे.

वर्ध्याचं चित्र तर सेवाग्रामच्याच डॉक्टरांनी मांडलेलं आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी उभी केली. या कॉलेजात विद्यार्थ्यांना खादी घालावी लागते, श्रमदान करावं लागतं, तंबाखू आणि दारू चालत नाही. तिथल्या सामुदायिक आरोग्य विभागाने अंजी या गावाच्या आसपासच्या २३ गावांत १५ ते १९ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आला. मागच्या ३० दिवसांत कुठला ना कुठला तंबाखू घेतलेले मुलगे होते ६८.३ टक्के, मुली १२.४ टक्के. तंबाखू घेणाऱ्या मुलग्यांपैकी ७९.२ टक्के खर्रा खाणारे होते. दहावी-बारावीच्या वयातली पोरं ही. आज ती पोरं तिशीत आहेत आणि "संमोहनाने सुटतं का" हा प्रश्न त्यांच्यातलेच काही जण विचारतायत.

आणि इथे जाहिरातींचं घोडं अडतं. संमोहनाने खर्रा सुटतो असं दाखवणारा कॉक्रेनच्या तोडीचा कुठलाही पुरावा उपलब्ध नाही. सिगारेटवरचा अर्धा-कच्चा निष्कर्ष उचलून खर्र्याला लावायचा, तर त्यातही अडचणी आहेत.

सिगारेटचा धूर काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत नेतो. झटका लवकर, उतारही लवकर. खर्र्याचं तसं नाही. तो गालात धरून ठेवतात, चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून झिरपत राहतं. पातळी हळूहळू चढते आणि बराच वेळ टिकते. वर सुपारी. सुपारीत ॲरेकोलिन नावाचा घटक असतो, त्याची स्वतःची वेगळी तलफ लागते. म्हणजे खर्रा खाणाऱ्याला एकाच पन्नीतून दोन व्यसनं लागलेली असतात. "मी तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी खातो" असं अभिमानाने सांगणारे काका प्रत्येक गावात असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

तिसरी गोष्ट हातांची आणि माणसांची. खर्रा एकटा खात नाहीत. पन्नी उघडली की समोर धरायची, हा रिवाज. शेतात, मिस्त्रीच्या हाताखाली, ऑफिसच्या बाहेर, तेराव्याला, वरातीत. नको म्हणणारा माणूस शिष्ट ठरतो. संमोहनाच्या खोलीत डोळे मिटून मनाला कितीही पटवलं, तरी खोलीच्या बाहेर मित्र पन्नी धरून उभाच आहे. चांगला थेरपिस्ट म्हणूनच हा प्रसंग आधीच मनात घोळवून घेतो, की पन्नी समोर आली, तुम्ही काय म्हणालात? नुसतं "तंबाखू वाईट" असं सांगून सोडून देणाऱ्याला खर्रा कळलेला नसतो.

गांधीजींचाही यातला अनुभव आहे बरं का. लहानपणी काकांनी टाकलेली सिगारेटची थोटकं ओढायची, तेवढ्याने भागेना म्हणून नोकराच्या खिशातले पैसे चोरायचे, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलंय. ती सवय त्यांना लागली मित्राच्या नव्हे, एका नातलग मुलाच्या सोबतीने. सोबतीशिवाय तंबाखू लागत नाही, हे तेव्हाही तसंच होतं.

कुणाकडे जायचं, कुणाकडे नाही?

भारतात संमोहन उपचार बेकायदा नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात वेगवेगळ्या पर्यायी उपचारांचा विचार केला, तेव्हा बहुतेकांना मान्यता नाकारली. फक्त ॲक्युपंक्चर आणि हिप्नोथेरपी या दोन पद्धती नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरायला हरकत नाही, असं म्हटलं.

पण 'योग्य प्रशिक्षण' म्हणजे काय, इथे पाणी मुरतं. वीकेंडचा ऑनलाइन कोर्स करून भिंतीवर सर्टिफिकेट लावलेला माणूसही स्वतःला हिप्नोथेरपिस्ट म्हणवतो. म्हणून पाटीवरचा 'हिप्नोथेरपिस्ट' हा शब्द बघू नका, त्याच्या मागची मूळ पदवी बघा. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेची नोंदणी असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे पुढे काही विचारायची गरजही उरत नाही.

१०० टक्के गॅरंटी, आयुष्यभराची हमी, सगळे पैसे आधी, चालू असलेली औषधं बंद करा, यातलं एक जरी ऐकू आलं तरी परत फिरा. आणि कुणी दैवी शक्तीने, मंत्राने, अंगाऱ्याने व्यसन सोडवतो म्हणत पैसे उकळत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल किंवा फिट येत असतील, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये.

मग संमोहन घ्यावं की नाही? नोंदणीकृत तज्ज्ञ मिळत असेल, खिशाला परवडत असेल आणि मुख्य उपचारांच्या सोबतीने घेणार असाल, तर घ्यायला हरकत नाही. मन शांत ठेवायला, तलफेची लाट निघून जाईपर्यंत थांबायला त्याचा काहींना उपयोग होतो. पण मुख्य उपचार सोडून त्याच्यावरच भिस्त ठेवणं, आणि त्यासाठी कर्ज काढणं, याला सध्याच्या पुराव्यात काही आधार नाही.

संमोहनाच्या आधी तीन बोटं

एक काम मात्र कुठल्याही थेरपीच्या आधी करायचं आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. तोंड पूर्ण उघडा. स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का बघा. जात नसतील, तिखट लागल्यावर तोंडाची आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असतील, तर तो सबम्युकस फायब्रोसिस असू शकतो. सुपारीने होणारा हा आजार कॅन्सरची आधीची पायरी ठरू शकतो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हीसुद्धा डॉक्टरला दाखवायची गोष्ट. संमोहनाची चार सेशन होईपर्यंत महिना जातो आणि तोवर तोंडात काय वाढतंय याचा पत्ता नसतो, असं व्हायला नको.

हे दाखवायला वर्धेकरांना लांब जावं लागत नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि त्याच आवारात शरद पवार दंत महाविद्यालय आहे. शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरकडच्या माणसाला एक दिवसाची मजुरी बुडवून यावं लागतं, हे खरं. पण रोज १०० रुपयांचा खर्रा खाणारा वर्षाला ३६,५०० रुपये त्यात घालवतो, त्यातून एवढा खर्च निघतो.

औषधांचं म्हणाल, तर निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळते. ती खर्र्यासारखी सलग चघळायची नसते आणि इथेच बहुतेकांची चूक होते. दोन-चारदा चावायची, जीभ चुणचुणली की गालात ठेवून द्यायची, चुणचुण गेली की परत चावायची. सलग चावली की उचक्या लागतात, मळमळतं, आणि माणूस "मला गम सूट होत नाही" म्हणून सोडून देतो. ज्यांचं तोंडच नीट उघडत नाही त्यांना पॅच बरा. बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. चघळायच्या तंबाखूवर जे थोडं संशोधन झालंय, त्यात व्हॅरेनिक्लिन, निकोटिनच्या चोखायच्या गोळ्या आणि समुपदेशन यांचा फायदा दिसलाय.

सोडल्यावर सगळ्यात वाईट जातात ते पहिले दोन-तीन दिवस. चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही, कामात लक्ष नाही. दोन ते चार आठवड्यांत हे बहुतेक ओसरतं. एकेका तलफेची लाट मात्र काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत काय करायचं हे आधी ठरलेलं असेल, बडीशेप, पाणी, एक फोन, किंवा शिकलेलं स्वसंमोहन, तर ती निघून जाते. घसरलात तरी परत मोजणी सुरू करायची. बहुतेकांची पहिल्या फटक्यात सुटत नाहीच.

फोन कुणाला करायचा, तर १८००-११-२३५६. ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे, २०१६ पासून सुरू आहे. दिल्लीसोबतच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातूनही ती चालते. समुपदेशक तुमच्याशी तारीख ठरवतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. २०१८ पासून हा नंबर सिगारेट, बिडी आणि तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. ठेल्यावर घोटलेल्या खर्र्याच्या पन्नीवर मात्र काहीच छापलेलं नसतं, त्यामुळे तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवावा लागेल.